झावळ्यांचे छप्पर आणि दिलेला शब्द

व्यापारी कुटुंबात सुट्टी ही उरलेल्या वेळेची गोष्ट असते. दिवाळीत दुकान बंद ठेवता येत नाही, लग्नसराईत गिऱ्हाईक सोडता येत नाही आणि पेरणीच्या तोंडावर तर गाव सोडणेच अशक्य. गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरिता देवीच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत परिचित आहे. तेथील एका भुसार व्यापारी कुटुंबाच्या वाट्याला असे मोकळे चार दिवस बऱ्याच वर्षांनी आले, तेही मे महिन्याच्या मध्यावर, मराठवाड्याचा पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना. निमित्त घरातील आजींचे होते. वयाची चौऱ्याहत्तर वर्षे त्यांनी गोदाकाठच्या या मुलखात काढली, तीर्थयात्राही पुष्कळ केल्या. पण समुद्र काही त्यांनी पाहिला नव्हता.

धाकट्या सूनबाईंनी मोबाईलवर सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील एक निवासस्थान शोधले. नारळीच्या बागेत झावळ्यांनी शाकारलेल्या बांबूच्या झोपड्या, अंगणात झोपाळा आणि समोर थेट निळे पाणी, असे छायाचित्र होते. खाली तीन आश्वासने होती : ‘समुद्राला लागून’, ‘निसर्गाच्या कुशीत शांत मुक्काम’ आणि ‘जैन भोजन उपलब्ध’. अकरा जणांसाठी तीन झोपड्या, तीन रात्री आणि एका झोपडीला रात्री ४,५०० रुपये, असा एकूण ४०,५०० रुपयांचा व्यवहार ठरला. निम्मी रक्कम त्याच दिवशी मोबाईलवरून पाठवली आणि उरलेली पोहोचताक्षणी घेण्यात आली.

नगर, पुणे, कोल्हापूर आणि गगनबावड्याचा घाट असा सुमारे सहाशे किलोमीटरचा प्रवास करून, वाटेत एक मुक्काम करून, मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली. तेव्हा चित्राची दुसरी बाजू दिसली. समुद्र होता, पण रस्ता ओलांडून आणि दोन वाड्या मागे टाकून. बांबूच्या भिंतींना फटी होत्या, पंखा विजेच्या लहरीवर चालत होता आणि दमट उकाड्याने मुले कासावीस झाली होती. झावळ्यांतून रात्रभर किडे खाली पडत राहिले. साधेपणाला कोणाचीच हरकत नव्हती. ज्या घराने धर्मशाळांच्या सतरंज्यांवर रात्री काढल्या, त्याला गादीचा मोह नसतो. हरकत होती ती न पाळलेल्या शब्दाला.

त्यातला सर्वांत मोठा शब्द जेवणाचा होता. आजींचा चौविहार कित्येक वर्षांचा. सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. मे महिन्यात त्या किनाऱ्यावर सूर्य सातच्या सुमारास मावळतो. स्वयंपाकघरात विचारले, तेव्हा रात्रीचे जेवण साडेआठला सुरू होते असे उत्तर मिळाले. विनंती केल्यावर सहा वाजता एक ताट आले. कांदा-लसूण नव्हते खरे, परंतु भाजी बटाट्याची होती आणि कोशिंबिरीत गाजर होते. आचाऱ्याच्या समजुतीप्रमाणे तेच ‘जैन’ भोजन होते. शिवाय ज्या चुलीवर मासे तळले जात होते, त्याच चुलीवर तोच झारा वापरला जात होता.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. खाद्यपदार्थांवरील हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. त्यात कंदमुळे आहेत की नाहीत, हे ते सांगत नाही. कायद्याच्या दृष्टीने बटाटा शाकाहारीच आहे. म्हणून ‘जैन भोजन’ या दोन शब्दांत यजमानाला काय अभिप्रेत आहे, हे आधी विचारून घेतल्याखेरीज त्या शब्दांना अर्थ नसतो.

आजींनी ताट शांतपणे बाजूला ठेवले. शेजारच्या वाडीत अंगणभर मासळी वाळत होती. पावसाळ्यात समुद्र खवळतो, आणि राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्याआधीच्या उन्हात वर्षाची बेगमी सुकवून ठेवणे हा कोळी कुटुंबांचा पिढीजात उद्योग आहे. त्यात त्यांचा दोष काहीच नव्हता. पाहुण्यांना याची कल्पना देणे हे निवासस्थानाच्या मालकाचे काम होते. त्या वाडीतील बाईंनी आजींना पदराने नाक झाकताना पाहिले, आणि कोणी काही न सांगताच आपल्या चटया पलीकडच्या बाजूला ओढून नेल्या. थोड्या वेळाने त्यांचा मुलगा दोन शहाळी घेऊन आला. सूर्य पाण्याला टेकण्याच्या आत आजींनी एक शहाळे घेतले. सोबत आणलेले चार खाखरे झाले. त्या दिवसाचे त्यांचे जेवण एवढेच. मुलाने पैसे घेण्यास नकार दिला.

सकाळी सामान बांधले गेले. उरलेल्या दोन रात्रींचे २७,००० रुपये परत मागितले, तेव्हा मालकाने सांगितले, “तुम्ही आपल्या मर्जीने चाललात, त्याला मी काय करू?” परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसे बोलले नाही. सूनबाई आपल्या निवडीने सर्वांचा विरस झाला म्हणून ओशाळल्या होत्या आणि आजी आपल्या नेमामुळे मुलांची सुट्टी मोडली म्हणून खंतावत होत्या. ज्यांचा अपराध नव्हता, त्यांनीच तो वाटून घेतला होता.

तलवाड्यास परतल्यावर घरात मतभेद झाला. थोरल्या बंधूंचे म्हणणे जुन्या वळणाचे होते : “नुकसान खात्यावर टाका आणि विसरा. सत्तावीस हजारांसाठी तक्रारी करीत फिरणे पेढीला शोभत नाही.” वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या पुतणीने विचारले, “मोठे काका, आपण एक नंबरची तूरडाळ सांगून तीन नंबरची दिली आणि गिऱ्हाईक परत आले, तर आपण काय करतो?” काकांनी उत्तर दिले नाही, कारण उत्तर दुकानात सर्वांना ठाऊक होते. माल परत घेतला जातो आणि पैसे मोजून दिले जातात. तोच न्याय स्वतःसाठी मागण्यात कमीपणा कसला, हा तिचा प्रश्न होता.

असा प्रश्न जगात पूर्वीही विचारला गेला आहे. इंग्लंडमधील जार्विस नावाचे एक वकील १९६९ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडच्या डोंगरात पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गेले. सहल कंपनीच्या माहितीपत्रकात पाहुण्यांचा मेळा, दुपारचा चहा-केक आणि पहाडी गाण्यांची संध्याकाळ यांचे वर्णन होते. प्रत्यक्षात दुसऱ्या आठवड्यात त्या घरात ते एकटेच पाहुणे उरले, केकऐवजी बटाट्याचे काप मिळाले आणि गायक म्हणून आलेला गावकरी कामाच्या कपड्यांतच चार-पाच गाणी घाईने म्हणून निघून गेला. खालच्या न्यायालयाने त्यांना भरलेल्या ६३ पौंडांपैकी सुमारे निम्मी रक्कम देवविली. १९७२ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने ती १२५ पौंडांवर नेली, म्हणजे भरलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट. सुट्टीच्या करारात जागेबरोबर आनंदाचेही आश्वासन असते, आणि तो हिरावला गेल्यास मनस्तापाचीही भरपाई देय ठरते, हे तत्त्व त्या निकालाने रुजविले.

आपल्याकडेही मार्ग बंद नाही. सेवेतील त्रुटीमुळे झालेल्या मानसिक त्रासाची भरपाई देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात मान्य केले. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने आणखी एक मोठी सोय केली. पूर्वी सर्वसाधारणपणे सेवा देणारा जेथे असेल किंवा प्रसंग जेथे घडला असेल, तेथेच तक्रार करावी लागे. आता ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. तलवाड्याच्या रहिवाशाला त्यासाठी कोकणात खेपा घालण्याचे कारण नाही. बीडचा जिल्हा आयोग पुरेसा आहे. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील देणे सक्तीचे नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून आपसांत मिटविण्याचा प्रयत्न करता येतो.

पुतणीने तेच केले. जाहिरातीचे छायाचित्र, झोपडीची प्रत्यक्ष छायाचित्रे, पैसे भरल्याच्या नोंदी आणि ‘जैन भोजन मिळेल ना?’ या प्रश्नाला संदेशातून आलेला ‘हो’, एवढे कागद तिने तारीखवार लावले. पत्र लिहिताना आजींनी दोन सूचना केल्या. आचाऱ्याचे नाव त्यात येऊ नये, कारण त्याला जेवढे सांगितले गेले तेवढेच त्याने केले. आणि राहिलेल्या एका रात्रीचे पैसे मागू नयेत, कारण छप्पर वापरले गेले होते. हेल्पलाइनकडे तक्रार गेल्यानंतर काही आठवड्यांनी मालकाने १८,००० रुपये परत केले. उरलेल्या रकमेसाठी आयोगाकडे जाता आले असते. कुटुंबाने तेथेच विषय संपविला. थोरल्या बंधूंनी रक्कम स्वतःच्या हाताने जमेस धरली आणि पुतणीला कागदांची ती फाईल पेढीच्या कपाटात ठेवायला सांगितली.

या व्यवहारात बोध घेण्याजोगे पुष्कळ आहे. ‘समुद्राला लागून’ हे शब्द दिसले की अंतर मीटरमध्ये विचारावे. किनारा नियमनाच्या बंधनांमुळे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेजवळ पक्के बांधकाम सहसा करता येत नाही, त्यामुळे बहुतेक निवासस्थाने मागेच असतात. स्वयंपाकघर कितीला सुरू होते, कंदमुळे वर्ज्य ठेवतील का, भांडी वेगळी आहेत का आणि मध्येच निघाल्यास किती पैसे परत मिळतील, हे तोंडी न ठेवता लेखी घ्यावे. उधारीची चिठ्ठी जो घेतो, त्याने सुट्टीची चिठ्ठी घेण्यास लाजू नये. आणि ज्यांच्या दारात पर्यटक उतरतात, त्यांनी, किंवा उद्या आपल्यापैकी जे असा व्यवसाय करतील त्यांनी, हे ध्यानी ठेवावे की खरा साधेपणा विकता येतो. साधेपणाच्या नावाखाली उणीव विकली, तर तो माप मारण्याचाच प्रकार होय.

आजींना समुद्र कसा वाटला, हे विचारण्याचे घरात कोणालाच बरेच दिवस धैर्य झाले नाही. शेवटी धाकट्या नातवाने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “पाणी मोठे होते. पण त्या बाईने चटया ओढल्या, ते त्याहून मोठे वाटले.” त्या वर्षी दिवाळीला तलवाड्याहून कोकणातल्या त्या वाडीकडे तुरीच्या डाळीची एक पिशवी रवाना झाली. डाळ एक नंबरची होती.