तोतया पॅकेज

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या सार्वजनिक भांडारात एखाद्या सुपरिचित पॅकेजाच्या नावाशी मिळतेजुळते नाव देऊन ठेवलेली घातक आज्ञावली. पॅकेज म्हणजे इतरांना आयती वापरता यावी म्हणून बांधून ठेवलेली आज्ञावली. पायथन भाषेसाठी पायपीआय व जावास्क्रिप्टसाठी एनपीएम ही अशा पॅकेजांची प्रमुख भांडारे होत. खाते उघडून कोणासही तेथे पॅकेज ठेवता येते आणि एका ओळीची आज्ञा देऊन ते आपल्या संगणकावर उतरवून घेता येते. ओळखीचे साधन बहुधा नाव एवढेच असते. शिवाय पॅकेजातील काही सूचना स्थापनेच्या वेळीच आपोआप अंमलात येऊ शकतात. त्यामुळे चूक ध्यानात येईपर्यंत हानी होऊन गेलेली असते.

जुलै २०१७ मध्ये एनपीएमवर आलेल्या ‘क्रॉसएन्व्ह’ने ‘क्रॉस-एन्व्ह’ या मूळ नावातील संयोगचिन्ह तेवढे गाळले होते. ते मूळ पॅकेजाचे कामही करून देई, म्हणून संशय येत नसे. मात्र संगणकाच्या मांडणीत नोंदलेले परवलीचे शब्द व किल्ल्या ते बाहेर पाठवी. सुमारे दोन आठवड्यांनी ते काढण्यात आले. पायपीआयवरील ‘कलरामा’ या पॅकेजाचे नाव अमेरिकन वर्णलेखनाप्रमाणे आहे. त्यात ब्रिटिश पद्धतीचा ‘यू’ घालून केलेला तोतया २०१८ मध्ये उघडकीस आला. येथे शुद्धलेखनाची सवयच घातक ठरावी, हे विशेष. वापरणाऱ्याने नकलून घेतलेला बिटकॉइनचा पत्ता बदलून तो आपला पत्ता तेथे घाली.

‘जेलीफिश’चा तोतया याहून कावेबाज होता. त्यात पहिल्या लहान ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ होता. अनेक टंकांत ही अक्षरे सारखीच दिसतात. असे नाव हाताच्या चुकीने क्वचितच टंकले जाईल. दुसऱ्या एका तोतया पॅकेजाने त्याला आपला घटक म्हणून आत आणले होते. गुप्त किल्ल्या चोरणारे हे पॅकेज डिसेंबर २०१९ मध्ये काढले जाईपर्यंत जवळजवळ वर्षभर भांडारात होते.

हॅम्बुर्ग विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने २०१६ मध्ये अशीच, परंतु निरुपद्रवी, पॅकेजे प्रयोगादाखल ठेवली असता ती १७,००० हून अधिक संगणकांवर चालविली गेली. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी त्यांना प्रशासकाचे अधिकार मिळाले होते.

केवळ विरामचिन्हांचा फरक असलेली नवी नावे एनपीएम २०१७ पासून नाकारते. प्रत्येक पॅकेज तपासूनच स्वीकारावे, तर भांडारांचा मुक्तपणा उरत नाही. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज्ञावली लिहिताना अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजांची नावे सुचवितात; अशी नावे आधीच नोंदवून फसवणूक करण्याचा नवा मार्ग त्यामुळे खुला झाला आहे.