ओले दप्तर : कोल्हापूरच्या माध्यमिक शाळांचे २०१९ मधील पहिले सत्र

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेचे वर्ष दोन सत्रांत विभागलेले असते; जूनच्या मध्यावर सुरू होणारे पहिले सत्र प्रथम सत्र परीक्षेने आणि दिवाळीच्या सुटीने संपते, तर दिवाळीनंतरचे दुसरे सत्र दहावीपुरते मंडळाच्या परीक्षेपाशी थांबते. पालकांच्या आणि वृत्तपत्रांच्या लेखी वजन असते ते दुसऱ्या सत्राला, कारण निकाल त्यातून निघतो. पहिले सत्र जवळजवळ सगळे पावसाळ्यात जाते, आणि कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळा शाळेच्या वेळापत्रकात स्वतःचा तास लावून घेतो. १७ जून २०१९ रोजी उघडलेले आणि ऑक्टोबरअखेरच्या दिवाळीला संपलेले सत्र या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. निकालाचा वाद, महापूर, अनुदानाचा प्रश्न आणि विधानसभेची निवडणूक या चारही गोष्टी त्या चार महिन्यांत शाळांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

शाळा उघडण्याच्या नऊ दिवस आधी, ८ जून रोजी, दहावीचा निकाल लागला होता आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला होता. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे मिळून होणाऱ्या कोल्हापूर विभागीय मंडळाचा निकाल ९३.८८ वरून ८६.५८ टक्क्यांवर आला, तरी कोकणाखालोखाल राज्यात दुसरा क्रमांक विभागाने राखला. घसरणीची दोन कारणे उघड होती. या परीक्षार्थींनी दहावीच्या नव्या अभ्यासक्रमावरची परीक्षा पहिल्यांदाच दिली होती, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेनेच तोंडी परीक्षा व गृहपाठ यांवरून द्यावयाचे, २० गुण त्या वर्षी रद्द झाले होते. साहजिकच जूनमधील शिक्षकसभांचा बराच वेळ हे गुण परत मिळणार की नाही या एकाच प्रश्नात गेला, आणि ते परत देण्याचा निर्णय राज्य शासनाने ऑगस्टमध्ये जाहीर केला तेव्हा जिल्ह्यातील अनेक शाळांना तो वाचायलाही सवड नव्हती.

याचे कारण समजण्यासाठी या जिल्ह्याची रचना पाहावी लागते. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्याच्या वाट्याला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा येतो. परंतु गगनबावडा, राधानगरी आणि पन्हाळा या बाजूंचे पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांतून पंचगंगेत येते आणि पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते, त्यामुळे ज्या शिरोळात पाऊस फारसा पडत नाही तेथेच पाणी सर्वांत उशिरा ओसरते. शिवाय प्राथमिक शाळा गावोगाव असली तरी माध्यमिक शाळा चार-पाच गावांत मिळून एक असते. नदीपलीकडच्या हायस्कूलला जाणाऱ्या मुलांची वाट पुष्कळदा ‘कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्या’वरून जाते. दगडी खांबांच्या खाचांत फळ्या बसवून उन्हाळ्यात पाणी अडवणारा आणि पावसाळ्यात फळ्या काढून मोकळा सोडला जाणारा हा बंधारा पुलासारखाही वापरला जातो, पण त्याची उंची बेताची असल्याने तो लवकर बुडतो. बंधारा पाण्याखाली गेला की हजेरीपटावर पलीकडच्या गावांपुढे एकसारखे गैरहजेरीचे शेरे पडतात. कोल्हापूरकर शिक्षकाला नदीची पातळी हजेरीपटावरूनही कळते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

२०१९ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फूट ७ इंचांपर्यंत गेली. तेथे ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, शहराचा पाणीपुरवठा थांबला, आणि प्रयाग चिखली व आंबेवाडी यांसारख्या गावांतील माणसे नावांतून बाहेर काढावी लागली. शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढल्यावर त्या योजनेतील पहिली शाळा १९१८ मध्ये करवीर पेट्यातील याच चिखलीत सुरू झाली होती, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. शाळांवर पुराचा परिणाम दोन तऱ्हांनी झाला. नदीकाठच्या शाळांत पाणी आणि गाळ शिरला. उंचवट्यावरच्या शाळा कोरड्या राहिल्या, पण त्यांचे वर्ग पूरग्रस्तांच्या निवाऱ्यासाठी द्यावे लागले, त्यामुळे पाणी उतरल्यानंतरही तेथील बाकांवर मुलांऐवजी अंथरुणे राहिली. पुराच्या नुकसानीत पहिल्या प्रकारच्या शाळांची गणना होते. दुसऱ्या प्रकारच्या शाळांचे गेलेले दिवस कोणत्याही पंचनाम्यात येत नाहीत.

दप्तर या शब्दाला शाळेत दोन अर्थ आहेत आणि महापुरात दोन्ही भिजतात. एक दप्तर विद्यार्थ्याच्या पाठीवरचे. दुसरे कार्यालयातील, ज्यात जनरल रजिस्टर हे सर्वांत मोलाचे असते. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात आणि शाळा सोडल्याची तारीख या वहीत अनुक्रमांकाने नोंदलेली असते व शाळा सोडल्याचा दाखला तिच्यावरूनच तयार होतो. तिचे मोल पुढे अनेक पिढ्या टिकते, कारण महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो, आणि ज्या कुटुंबाकडे जमिनीचा कागद नाही त्याच्याकडे आजोबांच्या शाळेतील नोंदीपलीकडे दुसरा पुरावा बहुधा नसतो. पाणी चढू लागल्यावर संगणकाआधी जुनी रजिस्टरे माडीवर नेणारा लिपिक म्हणूनच शहाणा ठरतो. संगणक पुन्हा विकत मिळतो. तथापि शाळेच्या मूल्यमापनाच्या कोणत्याही तक्त्यात ‘जुने अभिलेख सुरक्षित’ असा रकाना नाही आणि हे काम करणाऱ्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची गणना शाळेच्या यशात क्वचितच होते.

पाठीवरच्या दप्तराची गोष्ट वेगळी. पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना शासकीय व अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. नववी-दहावीची पुस्तके पालकांनी विकत घ्यायची असतात. शिक्षण हक्क कायद्याची मर्यादा चौदा वर्षांच्या वयापाशी संपते आणि त्या रेषेच्या पलीकडे माध्यमिक शाळेचे शेवटचे दोन वर्ग उरतात. महापुराने ही रेषा ठळक केली: एकाच घरातील दोन भावंडांपैकी सातवीतील मुलासाठी निदान नियमाने वाट होती, पण दहावीतील मुलीची पुस्तके, वह्या, गणवेश आणि प्रयोगवही यांची भरपाई माजी विद्यार्थी, तालीम मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे यांच्या दातृत्वावर अवलंबून होती. हे दातृत्व कोल्हापुरात उणे पडले नाही, हे खरे. परंतु दुरूनच्या मदतीत वह्या ढिगाने येतात आणि दहावीचे गणित भाग २ हवे त्या संख्येत येत नाही, हा अशा प्रत्येक आपत्तीतला अनुभव आहे.

बुडालेले तास भरून काढण्याचा भार ज्यांच्यावर पडला त्या शिक्षकांच्या स्थितीतही समानता नव्हती. अनुदानित शाळेतील शिक्षकांचे वेतन शासन देते, विनाअनुदानित शाळेतील शिक्षकांचे वेतन संस्थेच्या ऐपतीवर राहते, आणि अंशतः अनुदानित शाळेत शासन ठराविक टक्केच उचलते. नव्या शाळांच्या परवानगीला जोडल्या जाणाऱ्या ‘कायम विनाअनुदानित’ या शेऱ्यातील ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला. पण पगाराचा पहिला टप्पा मिळेपर्यंत अनेकांची उमेदीची वर्षे गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये, निवडणुकीची आचारसंहिता लागण्याच्या तोंडावर, पात्र शाळांना २० टक्के आणि आधी २० टक्के घेणाऱ्यांना आणखी २० टक्के अनुदान देण्याचा निर्णय झाला. त्यासाठी ऑगस्टमध्ये मुंबईच्या आझाद मैदानात शिक्षकांचे आंदोलन सुरू होते. एकाच महिन्यात जिल्ह्यातील शाळांपुढे गाळही होता आणि पगाराचा लढाही.

अशा सत्रात यशाच्या नोंदी शोधाव्या लागतात, पण त्या आहेत. भुदरगड, राधानगरी आणि कागल या तालुक्यांतील मराठी शाळांनी शिष्यवृत्ती परीक्षेत नाव कमावले आहे आणि त्यामागे सकाळचे जादा तास व रात्रअभ्यासिका यांची जुनी शिस्त आहे. आठवीतील राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी तेव्हा पालकांचे वार्षिक उत्पन्न दीड लाखाच्या आत असावे लागे. पुरात ऊस कुजून गेलेल्या घरात या रकमेचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. मैदानावरचा वारसाही शाळांचाच आहे. उषाराजे हायस्कूलच्या माजी विद्यार्थिनी राही सरनोबत यांनी सत्र सुरू होण्याच्या तोंडावर, मे २०१९ मध्ये, म्युनिकच्या विश्वचषक नेमबाजी स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून टोकियो ऑलिम्पिकसाठी भारताची जागा निश्चित केली होती. शालेय फुटबॉल तर येथे भर पावसात, गुडघाभर चिखलात खेळला जातो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

शाळा गावाचे केंद्र असावी, ही कल्पना मूळची याच मातीतल्या माणसाने देशापुढे मांडली होती. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारले आणि पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून काम केले. त्या आयोगाने माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळा जोडून ‘शाळा समूह’ करण्याची शिफारस केली. नाईकांना अभिप्रेत केंद्र ज्ञानाचे होते. २०१९ मध्ये माध्यमिक शाळा केंद्र झाली ती निवाऱ्याची आणि नंतर मतदानाची: २१ सप्टेंबरला आचारसंहिता लागली, शिक्षकांना निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जावे लागले, २१ ऑक्टोबरला वर्गांत मतदान झाले, आणि ८ ऑक्टोबरचा दसरा व २७ ऑक्टोबरचे लक्ष्मीपूजन यांच्या मधल्या फटीत प्रथम सत्र परीक्षा उरकणे भाग पडले. काही बाकांवर तेव्हाही पुराची रेघ होती.

या सत्रातून गेलेल्या दहावीच्या विद्यार्थ्यांचा निकाल २९ जुलै २०२० रोजी लागला आणि कोल्हापूर विभागाचा आकडा ९७.६४ टक्के होता, म्हणजे पूर न आलेल्या आदल्या वर्षापेक्षा ११ टक्क्यांहून अधिक. महापुराने अभ्यास सुधारतो असे कोणी म्हणणार नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण परत आले होते, आणि करोनाच्या टाळेबंदीमुळे शेवटचा भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीने दिले गेले होते. दहावीच्या भूगोलाच्या त्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना करत जलप्रणालीवरही एक प्रकरण आहे, आणि त्यावरचे प्रश्न चिखली-शिरोळच्या मुलांना मार्च २०२० मध्ये कोणी विचारलेच नाहीत.