बाग आधी खालून बघा

गच्चीवर बाग असलेला फ्लॅट दाखवायचा तो संध्याकाळी साडेपाचला. ऊन उतरलेलं असतं, मोगऱ्याला पाणी घालून झालेलं असतं आणि खालचा हॉर्नचा गोंगाट पाचव्या माळ्यापर्यंत येताना जरा मंदावतो. आधी बाग, मग हॉल, मग किचन. बेडरूम सगळ्यात शेवटी, तीही ट्यूबलाइट न लावता. उल्हासनगर कॅम्प २ मध्ये भाड्याच्या घरांची एजन्सी सुरू केली तेव्हा या धंद्यातल्या जुन्या माणसांनी मला हा क्रम शिकवला. असं का, हे मी फार उशिरा विचारलं.

इथे बागेचं अप्रूप का वाटतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. सुमारे तेरा चौरस किलोमीटरचं शहर आणि २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्करी कॅम्पातल्या बराकी मिळाल्या, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. पुढे बराकींच्या अंगणात दुकानं आली, दुकानांवर माळे चढले. झाड लावायला खाली जागाच उरली नाही, म्हणून माती डोक्यावरून गच्चीवर गेली. त्यामुळे ‘स्पेशियस टू बीएचके, प्रायव्हेट गार्डन’ एवढं लिहिलं की दिवसभर फोन वाजत राहतो.

नव्वदच्या दशकातल्या एका इमारतीत वरच्या माळ्यावर राहणाऱ्या दादींचा फ्लॅट असाच. सिंधी घरातल्या वयस्क बाईंना आम्ही दादीच म्हणतो. मुलगा परदेशी, दादी बहिणीकडे राहायला चाललेल्या, म्हणून घर भाड्याने द्यायचं होतं. गच्चीवर विटांचे वाफे बांधलेले, त्यात फूटभर माती. जास्वंद, कढीपत्ता आणि कोपऱ्यात लिंबू. पहिला भाडेकरू मीच आणला. त्याला घर दाखवायच्या दहा दिवस आधी बेडरूमच्या छताला पीओपी मारून रंग दिला होता. तिथे आधी पोपडे सुटले होते, सळईच्या रेषेत तांबूस डाग उमटले होते. मी ते पाहिले होते. भाडेकरूला सांगितलं नाही. हे मला अजून सलतं.

२८ मे २०२१ च्या रात्री आमच्याच कॅम्प २ मध्ये, नेहरू चौकाजवळच्या साई शक्ती इमारतीचा वरचा स्लॅब कोसळला आणि खालचे माळे फोडत गेला. सात माणसं गेली. त्याच महिन्यात कॅम्प १ मध्येही स्लॅब पडला होता. त्या रात्री रस्त्यावर गर्दीत उभा असताना माझ्या डोळ्यांसमोर दादींच्या बेडरूमचं छत येत होतं.

आठवड्याभरात ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन गेलो. त्यांनी बागेकडे बघितलंही नाही. सरळ बेडरूममध्ये स्टूलवर चढले, हातोडीने छत ठोकत गेले. ठणठणीत, ठणठणीत, मग एका जागी बद्द. पीओपी काढल्यावर गंजून फुगलेली सळई दिसली. त्यांनी मला हिशेब सांगितला तो पाठच झाला आहे. राहत्या खोलीचा स्लॅब माणसं आणि सामान धरून चौरस मीटरला दोनशे किलो वजनासाठी बांधतात. गच्चीसाठी दीडशे. आणि फूटभर ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जाते. शिवाय ती कायम ओली. पाणी झिरपतं, सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. रोज प्रेमाने पाणी घालणाऱ्या हातानेच हे होत असतं, आणि ते त्या हाताला कळत नाही.

दादींना सांगणं कठीण गेलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “बेटा, लिंबू तुझ्या काकांनी लावलं होतं.” मी म्हटलं, “लिंबू जगवू, दादी. माती उतरवू.” भाडेकरूने महिनाभर दुसरीकडे सोय केली. दोन दिवस गोण्या उतरत होत्या. सळया साफ करून, नव्या घालून छताची दुरुस्ती झाली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं. कुंड्या परत ठेवल्या त्या इंजिनिअरने खडूने आखलेल्या बीमच्या रेषेवरच, कोकोपीट भरलेल्या. दुरुस्तीची बिलं सोसायटीपुढे गेली तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली: गच्ची सोसायटीची होती. दादींच्या कागदांत बाग कुठेच नव्हती. एवढी वर्षं जाहिरातीतल्या ‘प्रायव्हेट’ शब्दाचं जास्तीचं भाडं आपण कशाचं मागत होतो? मी तो शब्द काढला. आता ‘सोसायटीच्या परवानगीने गच्चीवर कुंड्या’ असं लिहितो. फोन कमी येतात.

पुढच्या वर्षी बदलापूरहून एक कुटुंब आलं, सोबत आजी. ट्यूबलाइट लावून त्यांना बेडरूम आधी दाखवली, छत दाखवलं, बिलं दाखवली. करार घरीच नोंदवला. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि ती जबाबदारी मालकाची असते. अंगठ्याच्या मशीनवर दादींचा ठसा काही उमटेना. मातीत काम करून रेषाच झिजल्या होत्या. कोमट पाण्याने हात धुतले, पुसले, चौथ्या खेपेला मशीनने घेतला. समोर बसलेल्या आजींनी आपला अंगठा उलटून बघितला. तोही तसाच होता.

“लिंबू कुठं आहे म्हणे?” आजींनी विचारलं.

“खाली, गेटजवळ,” दादी म्हणाल्या आणि चप्पल शोधू लागल्या.