पाचवे शील आणि सोबतीची सभा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम मोजून दाखविले आहेत : धनाचा नाश, कलहाची वाढ, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तरीही जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत दारूने मोडलेले संसार आहेत, हे नाकारून चालणार नाही.

ज्याला व्यसन जडले, तो वंदनेत पाचवे शील म्हणताना मान खाली घालतो आणि पुढे विहारात येणेच सोडतो. ज्याने सर्वांत आधी जवळ यावे, तोच दूर जातो. अशा बांधवांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी आम्ही येथे एका मार्गाची माहिती देत आहोत.

आजार आणि उपचार

दारूचे व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र मानते. केवळ शपथ घालून किंवा मारझोड करून तो बरा होत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास पहिल्या काही दिवसांत थरथर, झटके, भ्रम असे प्रकार होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून प्रथम डॉक्टरांना किंवा सरकारी रुग्णालयात दाखवावे. शरीरातील दारू उतरली तरी मनातील ओढ राहते. तेथे सभेचा उपयोग होतो.

सभांचा उगम

अमेरिकेतील ॲक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन हे दारू सोडलेले गृहस्थ व्यवसायातील अपयशाने खचले होते. पुन्हा पिण्याची इच्छा झाली तेव्हा त्यांनी दुसरा दारुडा शोधला व त्याच्याशी बोलत बसले. ते डॉ. बॉब स्मिथ. दोघेही दारूपासून दूर राहिले. यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे ए. ए. ही चळवळ उभी राहिली. पिणाऱ्याचे दुःख पिणाराच जाणतो, हे तिचे मूळ तत्त्व आहे.

सभेत काय होते ?

सभा साधारण तास-दीड तासाची असते. फी नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. पूर्ण नाव, जात, धर्म कोणी विचारीत नाही. ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, असा दंडक असतो. एकेक जण आपला अनुभव सांगतो, पण बोलण्याची सक्ती नसते. जन्मभराची शपथ न घेता 'फक्त आजचा दिवस' दारू टाळायची असते. खुल्या सभेस कोणीही जाऊ शकतो, बंद सभा मात्र व्यसनी व्यक्तींसाठीच असते. घरच्यांसाठी 'अल-ॲनॉन' या वेगळ्या सभा असतात.

ए. ए.च्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो. आपल्यातील अनेकजण येथे अडखळतात. परंतु ती शक्ती ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानावी, अशी मुभा तेथे आहे. कित्येक जण त्या जागी समूहालाच मानतात. आपण संघाला शरण जातोच. पौर्णिमा-अमावस्येला उपोसथाच्या दिवशी एकत्र जमून आपले दोष उघड करण्याचा नियम भिक्खूसंघात होता. आपल्या जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांत असाच संघ राहत असे. तेव्हा दोष सोबत्यांपुढे मांडणे ही रीत आपल्याला परकी नाही.

सभा कशी शोधावी ?

१) केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर १४४४६ या क्रमांकावर फोन करावा. मन फार खचले असल्यास 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे.

२) पुण्यात येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ते सुरू केले. तेथे उपचाराबरोबरच आपल्या भागातील पाठपुरावा सभांची चौकशी करावी.

३) ए. ए.चे भारतातील मुख्य कार्यालय मुंबईत आहे. जवळची सभा तेथेही विचारता येते. फोनवरून भरणाऱ्या सभाही आहेत.

४) वार, वेळ, भाषा आणि सभा खुली की बंद, हे आधी विचारावे. परतीची एस. टी. पाहून ठेवावी. गावात ओळखीचे भेटतील अशी भीती वाटल्यास जुन्नरकराने मंचरकडे व मंचरकराने नारायणगावकडे चौकशी करावी. एका सभेवरून मत बनवू नये, निदान पाच-सहा वेळा जावे.

आपले कर्तव्य

दारू सोडू इच्छिणारे दोन-तीन जण नियमाने जमले तरी ए. ए.चा गट होऊ शकतो. अशा गटाला आपण विहाराची खोली देऊ शकतो. मात्र गट आपला खर्च आपणच करतो आणि कोणत्याही संस्थेच्या छत्राखाली जात नाही, हे ध्यानात घेऊन आपण त्यात ढवळाढवळ करू नये. विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील व्यसनाची लाज बाळगू नये. विश्वासू शिक्षकांशी बोलावे.

सोडलेला माणूस पुन्हा घसरला तर त्याला हिणवू नये, पुढच्या सभेला सोबत न्यावे. तथागतांनी आनंदाला कल्याणमित्राचे महत्त्व सांगितले आहे. दारूशी झगडणाऱ्या बांधवाचे असे कल्याणमित्र होणे, हीच पाचव्या शीलाची खरी सेवा होय.

जय भीम ! नमो बुद्धाय !