फुप्फुसांचीं चित्रें : तुटक कीं अखंड?

फुप्फुसांचे कांहीं विकार असे आहेत, कीं ते एका कोपऱ्यांत ठाण मांडून न बसतां दोन्ही बाजूंच्या वायुकोशांमधील नाजूक पडद्यांत धुक्याप्रमाणें पसरतात. जिना चढतांना लागणारी धाप आणि कोरडा खोकला एवढ्यावरून ते ओळखतां येत नाहींत. साध्या क्ष-किरणचित्रांतहि आरंभीं ते पुष्कळदां निसटतात, कारण तेथें छातीची पुढची व मागची बाजू एकमेकींवर पडलेली असते. छातीचे पातळ छेद वेगळे पाहण्याची सोय सी. टी. यंत्रानें केली. १९७१ सालीं लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें पहिल्या रुग्णाच्या मेंदूचें चित्र घेतलें. फुप्फुसांसाठीं अतिसूक्ष्म छेदांची पद्धति पुढल्या दशकांत रूढ झाली.

ती पद्धति तुटक होती. सुमारें १ मिलिमीटर जाडीचा छेद घ्यावयाचा, टेबल १० मिलिमीटर सरकवावयाचें, पुन्हां श्वास रोखावयास सांगून दुसरा छेद घ्यावयाचा. पावाच्या दर दहा चकत्यांपैकीं एकच पाहून सबंध पावाची परीक्षा करण्यासारखें हें आहे. रोग सर्वत्र पसरलेला असल्यानें ही परीक्षा बहुधा पुरते, आणि किरणांचा माराहि थोडा होतो.

१९८९ च्या सुमारास नागमोडी फेऱ्यांचें व १९९८ पासून अनेक छेद एकदम टिपणारें यंत्र आलें. आतां टेबल सरकत असतांनाच नळी रुग्णाभोंवतीं फिरते व एका श्वासांत सबंध फुप्फुसें टिपलीं जातात. याचा खरा लाभ मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या ओळखण्यांत आहे. वणामुळें ताणून रुंदावलेल्या श्वासनलिका आडव्या छेदांत हुबेहूब तशाच दिसतात. वरखालीं माग काढला म्हणजेच नळी कोणती व पोकळी कोणती तें कळतें. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. फुप्फुसांच्या तळाशीं व कडेला खऱ्या पोकळ्या असल्या, तर शस्त्रानें तुकडा काढून पाहण्याची गरज बहुधा उरत नाहीं. औषधहि त्यावरच ठरतें : अज्ञात कारणानें वण धरणाऱ्या फुप्फुसांना प्रेड्निसोन व अझाथायोप्रिन यांचा मिश्र उपचार अपायकारक ठरतो, असें अमेरिकेंतील चांचणीनें २०१२ सालीं दाखविलें.

मग जुनी पद्धति टाकून द्यावी, असें श्रोत्यांच्या मनांत येईल. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानें अखंड चित्रांचीच शिफारस केली आहे, व ती योग्यच होय. वर्षानंतरच्या चित्राशीं ताडून पाहावयाचें, तर तुटक छेद नेमके त्याच जागीं येत नाहींत. परंतु पूर्ण मात्रेंत घेतल्यास अखंड पद्धतींत किरण कित्येक पटींनीं अधिक लागतात. तरुण रुग्णाच्या बाबतींत हा हिशेब करावाच लागतो.

रुग्ण कसा निजला आहे, हेंहि तितकेंच महत्त्वाचें. उताणें निजल्यास पाठीकडचा भाग भारानें दबून धूसर दिसतो. पालथें निजवून तो निवळला, तर तेथें रोग नव्हता. तसेंच श्वास सोडल्यावर निरोगी फुप्फुस चित्रांत पांढुरकें होतें, हवा कोंडलेला भाग काळाच राहतो. पक्ष्यांची धूळ वा बुरशी न सोसल्यानें होणाऱ्या दाहाची ही मोठी खूण आहे, आणि भारतांतील १,०८४ रुग्णांच्या २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत हाच विकार सर्वांत अधिक, सुमारें ४७ टक्के, आढळला. या उच्छ्वासाच्या चित्रांपुरते मात्र थोडे तुटक छेदहि पुरेसे होतात.