वृत्तपत्राचा धनी : जोसेफ पुलित्झर

पुलित्झर पारितोषिकाचें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. परंतु ज्यांच्या नांवानें तें दिलें जातें, त्या जोसेफ पुलित्झर यांचें चरित्र फार थोड्यांस ठाऊक असतें. गरिबींतून वर आलेल्या धनिकांचीं चरित्रें बोधप्रद म्हणून विद्यार्थ्यांच्या हातीं देण्याची चाल आहे. प्रस्तुत चरित्रही बोधप्रद आहे. मात्र त्यांतील बोध त्यांच्या यशाइतकाच त्यांच्या दोषांतही असल्यामुळें दोन्ही बाजू सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुलित्झर यांचा जन्म १० एप्रिल १८४७ रोजीं हंगेरी देशांतील माको या गांवीं एका यहूदी धान्यव्यापाऱ्याच्या घरीं झाला. पुढें पिता वारला व घराची स्थिति खालावली. सैन्यांत शिरण्याची त्यांची फार इच्छा होती. परंतु अधू दृष्टीमुळें युरोपांत त्यांस कोणी घेईना. त्या सुमारास अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें व उत्तरेच्या पक्षास शिपायांची निकड होती. १८६४ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, ते तिकडे जाऊन घोडदळांत भरती झाले. युद्ध संपल्यावर हातीं पैसा नाहीं व इंग्रजी जेमतेम, अशा स्थितींत ते सेंट लुइस शहरीं आले. तेथें त्यांनीं खेचरें राखिलीं, उपाहारगृहांत वाढप्याचें काम केलें, आणि उरलेला वेळ ग्रंथालयांत घालवून इंग्रजी व कायदा यांचा अभ्यास केला. त्याच ग्रंथालयांत बुद्धिबळाच्या पटाजवळ एका जर्मन भाषेंतील पत्राच्या चालकांशीं त्यांचा परिचय झाला, आणि १८६८ सालीं ते त्या पत्राचे बातमीदार बनले.

१८७८ सालीं 'डिस्पॅच' नांवाचें एक बुडीत पत्र लिलावांत निघालें. तें त्यांनीं २,५०० डॉलरांस घेतलें व 'पोस्ट' या पत्राशीं जोडलें. शहरांतील श्रीमंत लोक कर कसा चुकवितात, हें त्यांनीं निर्भयपणें छापिलें व पत्रास बरकत आली. १८८३ सालीं त्यांनीं रेल्वेचे धनाढ्य मालक जे गूल्ड यांच्याकडून न्यूयॉर्क येथील 'वर्ल्ड' हें पत्र ३,४६,००० डॉलरांस विकत घेतलें. सोपी भाषा, भरपूर चित्रें, दोन सेंट किंमत व अन्यायाविरुद्ध मोहिमा, यांच्या योगें थोड्याच वर्षांत तें देशांतील अत्यंत खपाच्या पत्रांत गणलें जाऊं लागलें.

या पत्राच्या सामर्थ्याचें एक सुंदर उदाहरण सांगतों. फ्रान्सच्या जनतेनें अमेरिकेस स्वातंत्र्यदेवतेचा भव्य पुतळा देऊं केला होता. परंतु त्याच्या चौथऱ्यासाठीं पैसा पुरेना, व धनिक हात आखडून बसले. मार्च १८८५ मध्यें पुलित्झर यांनीं सामान्य वाचकांस हांक दिली, आणि देणगी कितीही लहान असो, प्रत्येक दात्याचें नांव छापण्याचें वचन दिलें. पांच महिन्यांत लक्षाहून अधिक लोकांनीं मिळून लक्षाहून अधिक डॉलर दिले. बहुतेक देणग्या एका डॉलरहूनही कमी होत्या. शाळकरी मुलांनींही आपले पैसे पाठविले. शुभवर्तमानांतील विधवेच्या दमडीची आठवण कोणास होणार नाहीं ?

याच माणसाच्या हातून पुढें विपरीत घडलें. १८९० च्या सुमारास त्यांची दृष्टि जवळजवळ गेली, व थोडासा आवाजही त्यांस सहन होईना. चिटणीस वाचून दाखवीत व ते दूरूनच पत्र चालवीत. १८९५ सालीं विल्यम रँडॉल्फ हर्स्ट हे स्पर्धक न्यूयॉर्कमध्यें उतरले. खप वाढविण्याच्या ईर्षेनें दोन्ही पत्रें भडक मथळे व अर्धवट खऱ्या बातम्या छापूं लागलीं. या प्रकारास पुढें पीत पत्रकारिता हें नांव पडलें. १५ फेब्रुवारी १८९८ रोजीं हवानाच्या बंदरांत 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका बुडून अडीचशेंहून अधिक लोक मेले. कारण निश्चित होण्यापूर्वींच या पत्रांनीं लोकांस चेतविलें. त्या वर्षींचें स्पेनशीं झालेलें युद्ध केवळ पत्रांमुळें झालें असें म्हणतां येत नाहीं. तथापि आगींत तेल ओतल्याचा दोष त्यांच्याकडे येतोच. युद्धकाळीं रस्त्यावर पत्रें विकणाऱ्या मुलांकडून शंभर प्रतींस पन्नासऐवजीं साठ सेंट घेण्यांत येऊं लागले. युद्ध संपल्यावरही या दोन धनिकांनीं तो दर उतरविला नाहीं, तेव्हां १८९९ च्या जुलैमध्यें त्या पोरांनीं संप केला. अखेर न खपलेल्या प्रती परत घेण्याचें मालकांस कबूल करावें लागलें. ज्यांनीं एकदां गरिबांच्या सेंटांचा मान राखिला, त्यांनींच येथें गरीब मुलांच्या सेंटांवर नजर ठेविली !

युद्धानंतर 'वर्ल्ड' पत्राचा भडकपणा ओसरला. पनामा कालव्याच्या व्यवहारांतील पैसा कोठें गेला, असा प्रश्न त्या पत्रानें केल्यावरून १९०९ सालीं सरकारनें खटला भरला; परंतु १९११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निकाल पत्राच्या बाजूनें दिला. त्याच वर्षीं २९ ऑक्टोबर रोजीं चार्ल्स्टन बंदरांत, आपल्या 'लिबर्टी' या नौकेवर, पुलित्झर वारले. वृत्तपत्रकारांस वकील व वैद्य यांच्याप्रमाणें रीतसर शिक्षण मिळावें, यासाठीं त्यांनीं कोलंबिया विद्यापीठास वीस लक्ष डॉलर ठेविले. १९१२ सालीं तेथें शाळा उघडली व १९१७ पासून पारितोषिकें देण्यांत येऊं लागलीं. १९३७ सालीं त्यांपैकीं एकाचे वांटेकरी भारतांत जन्मलेले गोविंद बिहारी लाल हे झाले. आणि ते हर्स्ट यांच्याच वृत्तसंस्थेंत काम करीत होते, हा योग पाहण्यासारखा आहे.

'वर्ल्ड' १९३१ सालीं बंद पडलें. शाळा व पारितोषिकें टिकलीं. दानानें पूर्वींचे दोष पुसले जातात असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु खप हाच देव मानल्यानें काय होतें, हें अनुभवलेल्या माणसानें आपलें धन सत्यशोधनाच्या शिक्षणास लावावें, ही गोष्ट लहान नव्हे. विद्यार्थ्यांनों, भडक बातमी छापणारा दोषी खरा. पण ती विकत घेणाऱ्यामुळेंच तो धनवान होतो. बातमी हातीं येतांच ती कोणी पाहिली, कशावरून सांगितली, व ती पसरल्यानें कोणाचा लाभ होतो, हे तीन प्रश्न विचारण्याची संवय घरीं व शाळेंत लागली, तर हें चरित्र वाचल्याचें सार्थक होईल.