बाईंना काय द्यायचं?

मार्च संपत आला की आमच्या घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. आंब्याची पेटी कधी आणायची आणि बाईंना काय द्यायचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बाजारभावच देऊन टाकतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र मला गेल्या वर्षी जरा महागात पडलं. त्याचीच ही गोष्ट.

आमचे चिरंजीव तेव्हा तिसरीत होते. पोरगा तसा हुशार, पण बोलताना अडखळतो. ‘क’ आणि ‘प’ या दोन स्टेशनांवर त्याची गाडी हमखास अडते. दुसरीत वर्गातल्या मुलांनी त्याची नक्कल केली आणि तेव्हापासून त्याने वर्गात हात वर करणंच सोडून दिलं. उत्तर येत असलं तरी गप्प. आम्ही डॉक्टर केले, वाचातज्ज्ञ केले. त्याचा उपयोगही होत होता; पण वर्गाचं दार ओलांडलं की त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं ते लागायचंच.

तिसरीच्या बाईंनी त्याला पहिले काही महिने उभं करून वाचायला लावलंच नाही. त्यांनी एक वेगळीच युक्ती काढली. रोज एक निरोप त्याच्याबरोबर पाठवायचा. सुरुवातीला शेजारच्या वर्गात जाऊन नुसतं ‘खडू’ म्हणायचं. मग ‘बाईंनी खडू मागितलेत.’ दिवाळीनंतर तर थेट कार्यालयात जाऊन, ‘बाईंनी हजेरीपट मागितलाय, आणि उद्याची तासिका कोणाची ते विचारलंय.’ मला हे सगळं फार उशिरा कळलं. आणि खरी गंमत त्याहून उशिरा कळली. शेजारच्या वर्गातल्या बाईंना त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ‘‘तो बोलेपर्यंत थांबा. वाक्य तुम्ही पुरं करू नका.’’

आई म्हणून सांगते, त्याचं वाक्य आम्ही घरात दहा वेळा पुरं करत होतो. प्रेमाने, घाईने, सवयीने.

अशा बाईंना वर्षाच्या शेवटी साधं पेन कसं द्यायचं? मी उत्साहाने पुढाकार घेतला. वर्गात पंचेचाळीस मुलं. प्रत्येकी दोनशे रुपये काढले, तर नऊ हजारांत छानशी सेमी पैठणी येईल असा हिशेब मांडला आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिला. भराभर पैसे आले. रोज रात्री मी यादी टाकायची. कोणाचे आले, कोणाचे राहिले. शेवटी तीन नावं उरली. ती मी जरा ठळक अक्षरांत टाकली. आठवण राहावी म्हणून हो, दुसरा काही हेतू नव्हता!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना चिरंजीवांच्या बाकावरच्या मुलीची आई फाटकाशी माझी वाट बघत उभी होती. ती एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. हाताला पीठ तसंच होतं. तिने रुमालातून दहा-वीसच्या नोटा काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, ‘‘ताई, आता यादीतून आमचं नाव काढाल ना?’’

मी ‘‘हो हो, काढते ना’’ म्हटलं आणि घरी आले. पण त्या नोटा पर्समध्ये इतर पैशांत मिसळाव्यात असं काही वाटेना.

रात्री जेवताना सासूबाईंना सांगितलं. सासूबाई रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ शिक्षिका होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, निवृत्त झाले तेव्हा मला भिंतीवरची सहा घड्याळं मिळाली होती. सहाही वेगवेगळी वेळ दाखवायची. कुणी दिली, आज एकही आठवत नाही.’’

‘‘मग आठवतं काय?’’

त्यांना आठवत होती ती पानांच्या द्रोणातली करवंदं. निकालाच्या दिवशी एका मुलाने आणलेली, निम्मी वाटेत खाऊन झालेली. आणि आठवत होतं एक पत्र. पावसाळ्यात वहाळाला पाणी आलं की सासूबाई पलीकडच्या वाडीतल्या मुलांना हात धरून पार करून द्यायच्या. त्यातल्या एकाच्या वडिलांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी मुलालाच सांगून पत्र लिहवून घेतलं. कोणत्या दिवशी किती पाणी होतं आणि बाई कशा थांबल्या, सगळं त्यात होतं. शेवटी मुलाने स्वतःच्या मनाने एक ओळ घातली होती : बाबा सांगतात ते खरं आहे. ते पत्र सासूबाईंच्या ट्रंकेत अजून आहे.

तरीही मी पैठणीचा हट्ट सोडला नव्हता. रंग कोणता आवडेल याचा अंदाज घ्यावा म्हणून मी बाईंना भेटायला गेले आणि गप्पांच्या ओघात बेत फुटलाच. बाई हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, ‘‘ज्यांनी पैसे दिले त्यांची यादी तुमच्याकडे आहे. ज्यांना देता आले नाहीत त्यांची मुलं माझ्या वर्गात आहेत. ती साडी नेसून मी त्यांच्यासमोर कशी उभी राहू? आणि पेपर अजून तपासून व्हायचे आहेत. कृपा करून पैसे परत करा.’’

मी पार ओशाळले. पण घरी येताना एक जुनी गोष्ट आठवत राहिली. दसऱ्याला आपण आपट्याची पानं सोनं म्हणून लुटतो, त्यामागे जी कथा सांगितली जाते ती गुरुदक्षिणेचीच आहे. कालिदासाच्या रघुवंशात पाचव्या सर्गात ती येते. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स विद्या पुरी झाल्यावर दक्षिणा काय देऊ म्हणून विचारतो. गुरू म्हणतात, तू भक्तीने सेवा केलीस, तीच दक्षिणा. कौत्स ऐकत नाही, पुन्हा पुन्हा आग्रह धरतो. शेवटी गुरू रागावतात आणि चौदा विद्यांचे चौदा कोटी मागतात. बिचारा कौत्स रघुराजाकडे जातो, तर राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेलं, घरात फक्त मातीची भांडी. पुढे कुबेर सोन्याचा वर्षाव करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. लोककथेत ते सोनं झाडावर पडतं. आपण सोन्याचा पाऊस लक्षात ठेवला आणि गुरूंचं पहिलं उत्तर विसरलो. तो सगळा खटाटोप एका शिष्याच्या हट्टापायी झाला होता.

तैत्तिरीय उपनिषदातल्या शिक्षावल्लीत शिष्याला निरोप देताना आचार्यांना ‘प्रिय’ असेल ते धन आणून द्यावं असा उपदेश आहे. शब्द ‘प्रिय’ आहे, ‘महाग’ नव्हे. आणि आपला शिक्षकदिन? डॉ. राधाकृष्णन 1962 मध्ये राष्ट्रपती झाल्यावर विद्यार्थ्यांना त्यांचा वाढदिवस साजरा करायचा होता. त्यापेक्षा तो दिवस सगळ्या शिक्षकांचा म्हणून पाळा, असं त्यांनी सुचवल्याचं सांगतात. म्हणजे इथेही एका शिक्षकाने स्वतःच्या वाट्याची भेट दुसऱ्यांकडे वळवली!

मग शिक्षकांना प्रिय काय असतं? जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. शिकवणं, वह्या तपासणं, पेपर हे तर आहेच. शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना इतर कामांतून मोकळं केलं, तेव्हाही जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुकीची कामं शिल्लक ठेवलीच. वर्षभरात पालकांकडून त्यांच्याकडे येतं ते काय? बहुतेक तक्रारच. अर्धा गुण का कापला, डबा का संपला नाही, पाण्याची बाटली कुठे गेली. तुमच्या हातून अमुक एक चांगलं झालं आणि ते आम्ही पाहिलं, हे कोण सांगतो? डॉक्टरला रोगी बरा झालेला दिसतो, गवंड्याला भिंत दिसते. शिक्षकाचं काम मात्र मुलाबरोबर पुढच्या वर्गात निघून जातं.

दुसऱ्याच दिवशी मी पैसे परत करायला सुरुवात केली. एकदोघी नाराज झाल्या. ‘‘आधीच विचारायचं ना,’’ म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. पोळीभाजी केंद्रात मात्र मी स्वतः गेले, माफी मागितली. त्या माउलीने नोटा न मोजता पदराला बांधल्या आणि म्हणाली, ‘‘पण बाईंना कायतरी द्यायला हवं हो. पोरीला हातच्याची वजाबाकी त्यांनीच शिकवली. आता आमच्या उधारीचा हिशेब तीच लिहिते.’’

‘‘मग हेच लिहून द्या की!’’

‘‘मला कुठं लिहिता येतंय धड?’’

मला सासूबाईंची ट्रंक आठवली. म्हटलं, ‘‘तुम्ही सांगा, मुलगी लिहील.’’

आणि ठरलं. प्रत्येक घराने एक फुलस्केप कागद लिहायचा. ‘तुम्ही खूप छान शिकवता’ असं चालणार नाही. या वर्षी बाईंनी नेमकं काय केलं आणि त्यामुळे घरात काय बदललं, तेवढंच. कोणी चार ओळी लिहिल्या, कोणी दोन पानं. एकाने लिहिलं की मुलगा आता रात्री दिवा मालवल्यावर रडत नाही, कारण बाईंनी सावली कशी पडते ते वर्गात करून दाखवलं. सगळे कागद साध्या फाइलला लावले. खर्च फाइलपुरता.

या सगळ्यातून मी जे शिकले ते थोडक्यात सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर पडो. भेट निकाल लागल्यावरच द्यावी, म्हणजे देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात किंतू राहत नाही. वर्गणी काढायचीच असेल तर ती ऐच्छिक असावी, रकमेची आणि नावांची यादी कुठेही लागू नये. वस्तू द्यावीशी वाटली तर वर्गाच्या उपयोगाची द्यावी : गोष्टींची दोन-चार पुस्तकं, रंगीत कागद, चांगली कात्री. आपल्या पत्राची एक प्रत मुख्याध्यापकांना द्यायला विसरू नये. तक्रारी तिथे आपोआप पोचतात, कौतुक पोचवावं लागतं. आणि घंटा देणारे शिपाईकाका, पहिलीतल्या मुलांच्या चपला शोधून देणाऱ्या मावशी, यांनाही एक ओळ लिहावी. त्यांना ती कधीच कोणी लिहीत नाही.

निकालाच्या दिवशी आम्ही फाइल दिली. चिरंजीवांनी मात्र काही लिहिलं नव्हतं. ‘‘मी सांगणार आहे,’’ एवढंच म्हणाला होता. तो बाईंसमोर उभा राहिला. ‘‘बाई, उद्यापासून तुम्ही निरोप क... क...’’

गाडी अडली. मागे पालकांची रांग. माझ्या ओठांवर पुढचा शब्द आला होता. बाईंनी त्याच्यावरची नजर न हलवता मला हाताने थांबवलं. आम्ही सगळे थांबलो.

‘‘...कुणाबरोबर पाठवणार?’’

बाई म्हणाल्या, ‘‘चौथीचा वर्ग समोरच आहे. तुलाच हाक मारीन.’’